पंधरा तासांचं विमान

"मम, पुणे इज ओन्ली फिफ्टीन आवर्स अवे," रिया म्हणाली, आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. मागून येणाऱ्या दुधाच्या टँकरने लांबलचक हॉर्न दिला. मी गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली आणि टँकर आम्हाला हलवत पुढे निघून गेला. हॅमिल्टन नुकतंच मागे पडलं होतं. शाळेला सुट्टी होती म्हणून रिया दिवसभर माझ्याबरोबर आली होती; सकाळी तिथल्या तलावात पोहली, दुपारी हॉस्पिटलच्या कॅफेत बसून चिप्स खाल्ल्या, आणि आता ओले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, पायाशी टाकून, पाय डॅशबोर्डवर ठेवून फोन बघत बसली होती. "कुठे लिहिलंय?" मी विचारलं. तिने स्क्रीन माझ्यासमोर धरली, मी बघणार नाही म्हटल्यावर वाचून दाखवली. दोन शहरांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर सांगणारी कुठलीशी साइट. ऑकलंड, पुणे. बारा हजार किलोमीटरच्या वर थोडं. उड्डाणाचा वेळ अंदाजे पंधरा तास. "अँड देअर्ज अ लाइन," ती म्हणाली, "लाइक, वन बिग बेंडी लाइन."

"असं विमान नाही," मी म्हणाले.

"इट सेज राइट हिअर."

"असं विमान नाहीये, रिया. कुणीतरी गणित करून टाकलंय. सरळ रेघ मारायची आणि वेगाने भागायचं. त्या रेघेवरून कुणी जात नाही." माझा आवाज चढला होता. तिने पाय डॅशबोर्डवरून खाली घेतले. "ओके," ती म्हणाली. "सॉरी फॉर रीडिंग."

पंधरा तास. आई मे महिन्यात गेली तेव्हा मी आणि रिया निघालो होतो ते चोवीस तासांच्या रस्त्याने. ऑकलंड ते सिंगापूर, सिंगापूरला खुर्च्यांवर, सिंगापूर ते मुंबई, मुंबईहून टॅक्सीने विश्रांतवाडी. बाबांचा फोन आला तेव्हा इथे सकाळ होती आणि तिथे मध्यरात्र उलटून गेलेली. बाबा म्हणाले, "दीना, आई गेली." मग म्हणाले, "झोपेतच." मीच विचारलं की कधी न्यायचं. आई बत्तीस वर्षं नर्स होती, शवागाराचे ड्रॉवर तिने आतून-बाहेरून पाहिले होते, आणि मला त्या ड्रॉवरमध्ये ठेवलंत तर याद राखा, असं ती हसतहसत सगळ्यांना बजावत आलेली. म्हणजे घरीच ठेवायचं, मेच्या उन्हात, बर्फाच्या लाद्यांवर. "चार वाजता काढतो," बाबा म्हणाले. "थांबू नका बाबा," मी म्हणाले, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं अंतर मधे नव्हतं. प्रणय, माझा मामेभाऊ, त्याला तिकिटाचा फोटो पाठवला, रियाच्या बॅगेत हाताला येतील ते कपडे कोंबले, आणि दुपारच्या विमानात बसलो. चारच्या सुमाराला, म्हणजे तिथल्या चारच्या, मी झोपले होते. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटानंतर कुठेतरी डोळा लागला तो सिंगापूरला उतरताना कान दुखले तेव्हाच उघडला. फोन चालू केला, पुण्यात पाच वाजून गेले होते, आणि मला वाटलं, झालं.

त्यानंतरचे हे सगळे महिने मी एकाच गोष्टीशी येऊन अडते आहे. आईला उचललं त्या घटकेला मी कुठे होते. दुःख वेगळं, त्याच्याशी जमवून घेता येतं, त्याच्यावर लोकांनी पुस्तकं लिहिली आहेत आणि त्यातली बरीचशी मी वाचली आहेत. पण हा प्रश्न पुस्तकातला नाही. नकाशावर बोट ठेवता येईल अशी जागा मला हवी आहे आणि ती नाही. समुद्रावर होते का, बेटावर, ढगात? खाली कुठला देश होता? शेजारी रिया तोंड उघडं टाकून झोपलेली, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कुणी न पाहिलेला सिनेमा चालू, आणि मी, एकुलती एक मुलगी, कुठेच नाही. पहाटे विश्रांतवाडीच्या गल्लीत टॅक्सी थांबली तेव्हा दारात शेजारच्या लीलाबाई उभ्या होत्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "तू आल्यावरच उचललं हो आम्ही तिला." मी तर आत्ता येत होते. लीलाबाईंचं वय झालं आहे, रात्रभर जागल्या आहेत, काय बोलतात त्यांचं त्यांना कळत नाही, असं मी स्वतःला समजावलं. आतल्या खोलीत आईचा पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला होता आणि फरशी पुसून काढूनही बर्फाच्या पाण्याचा एक कडेकडेने गेलेला डाग राहिला होता.

बाबांना विचारता आलं असतं. पण बाबा फोनवर बोलत नाहीत. कधीच बोलले नाहीत. मी इथे आल्यापासून फोन उचलायचे ते फक्त "थांब, देतो" एवढं म्हणायला, आणि मग आईचा आवाज यायचा. आता द्यायला कुणी नाही तर "बरं आहे. जेवलो. ठेवतो" यातच सगळं आटपतं. पाचव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा लोक आईबद्दल उभं राहून बोलले, दवाखान्यातल्या तिच्या मैत्रिणी बोलल्या, प्रणय बोलता बोलता रडला. बाबा पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या रांगेत बसून फोटोसमोरच्या मेणबत्त्या वाऱ्याने विझू नयेत म्हणून तळहाताचा आडोसा धरून होते. तासभर तसेच. मी त्यांना काय विचारणार होते?

तौपिरीचा डोंगर डावीकडे आला. त्याच्या उतारावर माओरी लोकांची थडगी आहेत, पायथ्यापासून वरपर्यंत, पांढरी, रस्त्याकडे तोंड करून. रियाच्या वेळी आई तीन महिने इथे राहून गेली तेव्हा तिला याच रस्त्याने फिरवलं होतं. ती पुढच्या सीटवर लोकर घेऊन बसायची आणि पाटी आली की मोठ्याने वाचायची. तौपिरी. रांगिरिरी. मेरेमेरे. मर्सर. पोकेनो. हा डोंगर पाहिल्यावर सुया थांबवून म्हणाली होती, "किती छान जागा दिलीय गं. येणारा-जाणारा दिसतो." आणि मग पोकेनोच्या पुढे चढ लागला, चढाच्या माथ्यावर पाटी आली, आणि आई टाळी वाजवून हसली. बॉम्बे. या देशातही एक मुंबई होती, चार घरं, एक पेट्रोल पंप आणि कांदे-बटाट्याची शेतं. "म्हणजे पुणं काय लांब!" आई म्हणाली. "जरा पुढे घे गाडी, बाबांना चहा टाकायला सांगते."

तिथूनच ते सुरू झालं. मी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट, घर ऑकलंडला हिल्सबरोमध्ये, कारण माझ्या नवऱ्याचं, मैत्रेयचं, ऑफिस तिथे. आठवड्यातून तीन दिवस हा रस्ता. संध्याकाळी निघताना मी आईला फोन लावायचा, तिथे सकाळ असायची, ती भाजी निवडत असायची किंवा विहारातून नुकती आलेली असायची. पहिला प्रश्न ठरलेला. "कुठवर आलीस?" मी म्हणायचे, तौपिरी. मग बोलणं. कोण आजारी, कोणाचं लग्न, माझ्या वॉर्डातला कोण म्हातारा गोळ्या उशीखाली लपवतो. मधेच पुन्हा, "कुठवर आलीस?" मेरेमेरे. सप्टेंबर संपत आला की इथली घड्याळं तासभर पुढे जातात, त्यावर दरवर्षी तिची एकच तक्रार, "तुम्ही घड्याळ ढकललंत म्हणून सूर्य ऐकतो का? माझी पोळ्यांची वेळ खाल्लीत." आणि चढ लागला की, "मुंबई आली का?" आली. "मग टाकते चहा." पलीकडून लायटरचा आवाज यायचा, टक, टक, टक, आणि मग गॅस धरल्याचा तो छोटासा भपका. मी घरी पोचून चहा करायचे, ती तिथे कपात ओतायची. आम्ही इतकी वर्षं एकत्र चहा घेतला असं मला म्हणता येईल. बारा हजार किलोमीटरचं काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. बघावंसं वाटलं नव्हतं. पुणं बॉम्बेच्या पुढे होतं.

ती गेल्यावर मी या रस्त्यावर रेडिओ लावून पाहिला, कादंबऱ्या ऐकून पाहिल्या. कुठल्याच आवाजाला मी कुठवर आले हे जाणून घ्यायचं नव्हतं. गाडी जाते, पाट्या येतात, घर येतं. ऑकलंडमध्येच एका दवाखान्यात जागा निघाली आहे, उद्यापर्यंत कळवायचं आहे, आणि मैत्रेय म्हणतो घे, तेवढा रस्ता वाचेल. मला हा रस्ता वाचवायचा आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. दोन्ही म्हणजे एकच प्रश्न असावा असा मला संशय आहे. त्या वेळी मी कुठे होते, आणि आत्ता कुठे आहे.

"आय'म कॉलिंग आजोबा," रिया म्हणाली.

"आत्ता नको. ते कामात असतील."

"ही'ज रिटायर्ड, मम." आणि तिने लावलाही. गाडीच्या स्पीकरमधून पुण्याची रिंग वाजू लागली, इथल्या रिंगपेक्षा जरा जाडसर, आणि स्क्रीनवर आईचं नाव आलं, कारण बाबा आईचाच फोन वापरतात आणि नाव बदलायला माझा हात झाला नव्हता. रांगिरिरी मागे पडलं.

"हां," बाबा म्हणाले.

"जय भीम, आजोबा!" रियाला मराठी समजतं सगळं, पण उत्तर इंग्रजीत. एवढे दोन शब्द मात्र आईने तिच्या तोंडात कायमचे बसवले होते.

"जय भीम, जय भीम. काय म्हणते आमची रिया? आई कुठाय?"

"ड्रायव्हिंग. आजोबा, डू यू नो, ऑकलंड टू पुणे इज ओन्ली फिफ्टीन आवर्स? यू शुड कम. मम सेज देअर्ज नो सच प्लेन."

मी ओशाळले. "बाबा, ती कुठल्यातरी साइटवर वाचतेय. थेट विमान असतं तर तेवढे लागले असते, असं."

"पंधरा," बाबा म्हणाले. आता ते ठेवतो म्हणणार म्हणून मी बटणाकडे हात नेला. "असेल," ते म्हणाले. "त्या दिवशी किती हळू चालत होतं गं. प्रणयच्या फोनमध्ये. एवढंसं पिवळं विमान. मुंगी बरी."

"कुठलं विमान, बाबा?"

"तुमचं."

मी आवाज वाढवला. बाबा म्हणाले, "तुला सांगितलं नाही प्रणयने? मला वाटलं सांगितलं." आणि माझे वडील, ज्यांनी उभ्या आयुष्यात फोनवर सलग तीन वाक्यं बोलली नव्हती, ते बोलू लागले. सावकाश, एकेक वस्तू फडताळातून काढून ओट्यावर मांडावी तसे. चार वाजता सगळं तयार होतं. गल्ली भरली होती. दवाखान्यातल्या बायका आल्या होत्या, बौद्धाचार्य आले होते. उचलायचं म्हणून लोक वाकले आणि लीलाबाई मधे उभ्या राहिल्या. "म्हणाल्या, पोरगी कुठवर आली? मी म्हटलं, ती म्हणालीय थांबू नका. तर मला म्हणाल्या, रवीभाऊ, तिला विचारलंय कोणी? सुलेखाने एक दिवस तरी विचारायचं सोडलं का, की पोरगी कुठवर आली? आज न विचारता नेणार तिला?"

"मग?"

"मग काय. प्रणय म्हणाला, फोनमध्ये विमान दिसतं, कुठे आहे ते. तुझं तिकीट होतंच त्याच्याकडे. त्याने लावलं. म्हणाला, सिंगापूरहून सुटलंय, समुद्रावर आहे. लीलाबाई म्हणाल्या, मग समुद्र ओलांडू दे. तोवर कुणी हात लावायचा नाही." बाबांनी घसा साफ केला. "दोनदा बर्फ आणला. पोरं सायकलवरून लाद्या घेऊन आली, पोतं गुंडाळून. सगळी गल्ली प्रणयभोवती. दर पाच मिनिटांनी, कुठवर आली? समुद्र. कुठवर आली? अजून समुद्रच. अंधार पडला. दवाखान्यातल्या बायका म्हणाल्या, आता ठेवता येणार नाही. लीलाबाई वर बघून हात जोडतायत. प्रणय म्हणतो, अहो मावशी, इथून नाही दिसायचं, अजून मद्रासलाही लागलं नाहीये. तर त्याला म्हणाल्या, तू तुझ्या फोनात बघ, मी माझं बघते."

मला हसू आलं. छातीच्या मधूनच आलं, अडवता आलं नाही, आणि बाबाही हसल्याचं मला ऐकू आलं, नाकातून, एकदाच.

"आठ वाजले असतील. प्रणय ओरडला, किनारा! मद्रासचा किनारा! आली! अख्खी गल्ली ओरडली गं, आली, आली म्हणून. अंत्ययात्रेत कुणी असं ओरडतं का? लीलाबाई म्हणाल्या, आपल्यात आली, आता उचला. मी आईच्या कानाशी वाकलो. म्हटलं, सुलेखा, दीना मद्रासला आली. आपल्यात आली. आता निघू या." ते थांबले. "मग त्रिसरण सुरू झालं."

मेरेमेरेची पाटी येऊन गेली. माझे हात स्टिअरिंगवर होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. शेजारी रियाने भुवया एकत्र केल्या होत्या. ती हिशोबाला पक्की आहे. तिचे ओठ हलत होते. "बट मम," ती हळू आवाजात म्हणाली, "एट ओ'क्लॉक देअर, वी वर स्टिल इन सिंगा—" मी डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

ती बरोबर होती. पुण्यात आठ वाजले तेव्हा आम्ही सिंगापूरच्या विमानतळावर होतो. रियाला नूडल्स हवे होते, मी ते घेऊन दिले आणि मग तोंड धुवायला गेले, नळाखाली हात धरले की पाणी आपोआप येत होतं आणि काढले की थांबत होतं, आणि मी कितीतरी वेळ नुसते हात धरत आणि काढत उभी होते. आमचं मुंबईचं विमान सुटायला अजून अवकाश होता. त्या दिवशी त्याच्या आधी एक विमान गेलं होतं, फलकावर मी ते पाहिलं होतं. प्रणयने घाईत तेच धरलं असणार. तोच मार्ग, तेच शहर, पिवळी मुंगी तीच. गल्लीने चार तास ज्याच्यासाठी श्वास धरला, दोनदा बर्फ आणला, ज्याच्या नावाने ओरडली, त्या विमानात मी नव्हते. कुणी इतर लोक होते. जेवणाचे ट्रे पुढ्यात घेऊन बसलेले, झोपलेले, कुणीतरी खिडकीतून खाली बघणारं. बाबांनी आईच्या कानात जे सांगितलं ते खरं नव्हतं.

हे मनात येऊन गेलं आणि मी वाट पाहिली, की आता तो नेहमीचा प्रश्न परत येईल. आला नाही. पोकेनोची घरं उजवीकडे उन्हात उभी होती, नवी कोरी, एकाच साच्यातली, आणि आकाश एवढं उघडं होतं की त्याला कडा नव्हत्या. मला दुपारच्या विमानात बसलेली मी दिसले. मग एकाएकी ती बेंडी लाइन. आम्ही निघालो तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा. कुणीही न उडवलेलं ते पंधरा तासांचं विमान, सिंगापूरला न थांबणारं, आठ वाजता कुठे असतं? मी मनात धरून पाहिलं. दीड तास उरलेला. समुद्र संपत आलेला. मद्रासचा किनारा. मी पुन्हा धरून पाहिलं, कारण मला स्वतःवर विश्वास ठेवायचा नव्हता, आणि पुन्हा तिथेच आलं, थोडं अलीकडे, थोडं पलीकडे. जे विमान नव्हतं ते, आणि जे आमचं नव्हतं ते, त्या संध्याकाळी आकाशाच्या एकाच तुकड्यात होती. आणि खाली एक अख्खी गल्ली माझं नाव घेत होती. मी इतके महिने विचारत होते की मी कुठे होते. त्यांनी तर मला क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नव्हतं. समुद्रावर, अजून समुद्रावर, किनाऱ्यावर. कुणाही मुलीची जागा तिच्या आईच्या शेवटच्या घटकेला इतक्या लोकांना इतकी नेमकी ठाऊक नसेल. नळाखाली हात धरून उभी होती ती कोण होती ते मला माहीत नाही. मी मद्रासला होते. माझ्या वडिलांनी तसं सांगितलं आणि आईने ते ऐकून मगच पाय उचलला.

"बाबा," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही, मोठा होता. "ते विमान—"

"हं?"

"काही नाही. बरोबर होतं. आम्हीच होतो."

"मग दुसरं कोण असणार?" बाबा म्हणाले.

रियाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ते भाव होते जे आईच्या चेहऱ्यावर, रोग्याला सुई दुखणार नाही असं सांगताना, मी लहानपणी दवाखान्यात बसून पाहिले आहेत. ती फोनकडे झुकली. आणि आमच्या घरात कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, अडखळत, एकेक शब्द पायाने चाचपत, ती म्हणाली, "आजोबा, मी होती ना खिडकीत. मी बघितला. खाली सगळे लाइट्स होते."

पलीकडे बाबांचा श्वास. "दिसले ना?" ते म्हणाले. "दिसले ना बाळा? बघ. मी लीलाबाईंना सांगतो. त्या म्हणतच होत्या."

"हीप्स ऑफ लाइट्स," रिया म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे वळवलं. तिचे कान लाल झाले होते. मी तिच्या गुडघ्यावरचा हात काढला नाही. गाडी चढावर आली होती. इथे नेहमी गिअर स्वतःच बदलतो, इंजिन जरा खालच्या सुरात जातं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल मातीचे वाफे दिसू लागतात, ओळीने. मी काच खाली केली. थंड वारा आणि ओल्या कांद्याचा वास आत आला, रियाचे केस उडाले, ती "मम!" म्हणून ओरडली आणि मी काच आणखी खाली केली. मला ओरडावंसं वाटत होतं. अंत्ययात्रेत कुणी असं ओरडतं का? ओरडतं, बाबा. त्या दुसऱ्या दवाखान्याला नको म्हणून कळवायचं हे माझ्या लक्षात आलं, आत्ता ठरवलं असं नाही, केव्हाच ठरलेलं होतं आणि मला दिसलं एवढंच. हा रस्ता मी कुणाला देणार नव्हते. माथा आला. समोर सगळा उतार, उताराखाली ऑकलंड, त्याच्या डावीकडे आमच्या घरापुढचं मानुकाऊचं पाणी उन्हाने पांढरं झालेलं, आणि त्या पाण्यावर चाकं सोडून हळूहळू खाली येत असलेलं एक विमान. कुठून येत होतं कोण जाणे. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी.

"दीना," बाबा म्हणाले. त्यांनी ठेवलेलं नव्हतं. "मुंबई आली का गं?"

मला वाटायचं, मी आणि आई बोलायचो त्या वेळी ते पेपर वाचत असतात. ते सगळं ऐकत असत, इतकी वर्षं, पेपराच्या मागून.

"आली," रियाच म्हणाली.

"मग टाकतो चहा."

चपलांचा आवाज झाला, सरपटत गेलेला. भांडं ओट्यावर ठेवल्याचा. नळ. मग लायटर. टक. टक. बाबांना त्याची सवय नव्हती. टक, टक, टक. आम्ही दोघी श्वास धरून ऐकत होतो. आणि मग तो छोटासा भपका.

"पेटला," बाबा म्हणाले. "कुठवर आलीस?"

"पोचले," मी म्हणाले.